बुद्धिबळाची ओपनिंग पाठ करायची की समजून घ्यायची?

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमी शहरात नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला. ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर ठरली. अशा विजयानंतर घराघरांत पट निघतो आणि मोबाईलवर ‘दहा ओपनिंग शिका, हमखास जिंका’ असे व्हिडिओ दिसू लागतात.

माण तालुक्यात, दहिवडी किंवा म्हसवडला राहणाऱ्या पालकाने मुलीसाठी यावर पैसे घालवावेत का?

आधी तो अंतिम सामनाच पाहू. कोनेरू हम्पीविरुद्धचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. निकाल लागला टायब्रेकच्या दुसऱ्या जलद डावात, तोही शेवटच्या टप्प्यात. घड्याळ पळत होतं, हम्पीच्या हातून चुका झाल्या आणि दिव्याने त्या हेरल्या. ओपनिंगने डाव सुरू होतो, जिंकला जातोच असं नाही.

पाठांतर कुठे फसतं?

चार चालींत मात देण्याची युक्ती घ्या. पांढरा राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकतो, काळाही तेच करतो. पांढरा लगेच वजीर बाहेर काढतो, मग उंट. समोरचा नवखा असेल तर मात होते. पण काळ्याने आधी एक घोडा काढून प्यादं राखलं, मग वजिरावर प्यादं टाकलं, की वजीर मागे पळतो. तेवढ्यात काळ्याचा दुसरा घोडाही बाहेर येतो. युक्ती संपली, आता पुढे काय, हे व्हिडिओत नसतं.

मग आधी काय शिकायचं?

१. पटाच्या मधल्या चार घरांवर ताबा ठेवा.
२. घोडे आणि उंट लवकर बाहेर काढा. कारण नसताना एकच मोहरा दोनदा हलवू नका.
३. वजिराची घाई करू नका.
४. किल्लेकोट करून राजा सुरक्षित ठेवा.

आजोबांचा डाव वेगळा का?

गावाकडच्या देशी डावात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. किल्लेकोट नसतो, राजाला एकदा घोड्याची उडी मिळते. त्यामुळे डाव सावकाश उघडतो. आजोबांकडून शिकलेल्या मुलीला स्पर्धेआधी हा फरक समजावून सांगा. त्यांच्याकडून मिळालेली पुढचं पाहायची सवय मात्र दोन्हीकडे चालते.

खर्च किती?

सुरुवातीला फक्त पटाचा. लिचेससारखं ॲप पूर्ण मोफत आहे. शेजारच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने अनेक दशकं स्पर्धा भरवल्या. पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या ठरलेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे याच सांगलीच्या.

डाव संपला की मुलीला एवढंच विचारा: ‘ही चाल का केलीस?’ तिला उत्तर देता आलं, तर ओपनिंगचा अभ्यास सुरू झाला म्हणायचा.