'एफ' म्हणजे फसलो!

मायक्रोप्रोसेसरच्या ओरलला मी ८०८६ च्या चाळीसच्या चाळीस पिना न अडखळता सांगितल्या होत्या. एक्स्टर्नलने मान डोलावली, मार्क्सही बरे पडले. आणि त्याच सुट्टीत मी स्वतःचा पीसी घ्यायला निघालो, तो बाबांनी पतपेढीतून काढलेले पस्तीस हजार घेऊन तोंडावर आपटलो!

झालं असं, की यादीत 'आय फाइव्ह १२४००' होता. दुकानदार म्हणाला, "एफवाला घ्या, सेम टू सेम आहे, दीड हजार वाचतील." घेतला. रात्री रूमवर सगळी विंग गोळा. जोडाजोडी झाली, पंखा फिरला, टाळ्या पडल्या... आणि स्क्रीनवर 'नो सिग्नल'. दोन तास आम्ही रॅम काढतोय, घालतोय, केबल बदलतोय. शेवटी एका सिनियरने खोक्यावरचं ते शेवटचं अक्षर दाखवलं. इंटेलच्या प्रोसेसरमागे एफ असला, की त्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड लागतंच. सील फोडलेला माल दुकानदार परत घेईना. वाचवलेल्या दीड हजारापायी सिनियरचं जुनं कार्ड मागून आणावं लागलं.

बाबांना अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय, की आपण खरेदी उलटी करतो. आधी प्रोसेसरचं नाव, मग रंगीत दिव्यांचा कॅबिनेट, आणि उरल्या पैशांत मदरबोर्ड. वास्तविक बोर्ड सगळं ठरवतो. त्याच १२४०० साठी डीडीआर४ चे बोर्ड वेगळे आणि डीडीआर५ चे वेगळे. रॅमच्या पट्टीची खाचच जुळत नाही. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर तर फक्त डीडीआर५ चालते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, तेव्हा घरातली जुनी पट्टी वापरू म्हणणारे कितीतरी जण इथेच अडकले असणार.

'आय सेव्हन आहे' एवढ्यावर भाळणारेही आपल्यात कमी नाहीत. अरे, कितव्या पिढीचा? २०१३ चा आय सेव्हन ४७७० आणि २०२२ चा आय थ्री १२१००, दोघांनाही चार कोअर, आठ थ्रेड. पळतो मात्र आय थ्री. शिवाय त्या जुन्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढतही नाही.

सेकंडहँडला माझा विरोध नाही हं. फक्त एसएमपीएस नवा घ्या, आणि त्याचं लेबल वाचा. वर ठळक '४५० वॅट', खाली १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. करा गुणाकार. २१६ वॅट! प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच लाइनवर जगतात.

आता थोडं सरांसाठी. (रागावू नका, सबमिशन बाकी आहे!) चाळीस पिनांचं चित्र आम्ही घोकतो, पण ज्या सॉकेटला १७०० टोकं आहेत, तो उघडून कुणी दाखवत नाही. लॅबच्या मागच्या खोलीत राइट-ऑफ केलेले पीसी धूळ खात पडलेत. एखाद्या शनिवारी ते फर्स्ट इयरच्या पोरांच्या हाती द्या की! मोडले तर मोडले, भंगारातच जायचेत. स्क्रू-ड्रायव्हर मी आणतो.