टाइप करण्याआधी कागद वाचा

मोपा, उगवे, वारखंड, चांदेल, कासारवर्णे इथल्या बारावी-पदवी झालेल्या मुलामुलींनो, हे तुमच्यासाठी. ५ जानेवारी २०२३ पासून मनोहर विमानतळावरून विमानं उडू लागली. तिथल्या कार्गोत असो, हॉटेलात असो की पेडण्याच्या सरकारी कचेरीत, डेटा एंट्रीचं काम मिळालं तर "नुसतं टायपिंग तर आहे" असं म्हणून हातात घेऊ नका. वेग आपोआप वाढतो. आधी अचूकपणाची सवय लावा.

कार्गोत बसलात तर एअर वे बिलाचा नंबर रोज नजरेखालून जाईल. त्यात ११ आकडे असतात. पहिले तीन विमान कंपनीचे, पुढचे सात अनुक्रमांक, आणि शेवटचा ताळ्याचा. त्या सात आकड्यांच्या संख्येला ७ ने भागा, जी बाकी उरते तोच शेवटचा आकडा. १२३४५६७ ची बाकी ५ येते. पुढे ५ नसेल तर कुठेतरी चुकलंय. बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये पाचव्या जागी नेहमी शून्य असतं. तिथे ओ दाबलात तर कोडच चुकला.

पण माणसाच्या नावाला आणि सर्व्हे नंबराला असा ताळा नसतो. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर ४१/७ च्या जागी ४७/१ पडलं आणि तोही नंबर गावात असला, तर संगणक हूं की चूं करत नाही. खेपा मात्र कुणाच्या तरी आजीला माराव्या लागतात, मामलेदार कचेरीत. ज्यांच्या जमिनी विमानतळाला गेल्या, त्या घरांना तर उताऱ्यावरच्या नावाची किंमत सांगायलाच नको. कब्जेदाराचं नाव कुळाच्या रकान्यात गेलं तर भांडण पुढच्या पिढीपर्यंत चालू शकतं. नाईक हे आडनाव जुन्या पोर्तुगीज कागदांत शेवटी क्यू-यू-ई लावून सापडतं, आधारवर के लावून. ते तुमच्या मनाने सुधारू नका. कागदावर आहे तसंच भरा आणि फरक वरिष्ठांना दाखवा. दिवसाचं काम संपलं की एकाने कागद मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने पडद्यावर बघावं. कंटाळवाणं आहे खरं, पण चुका यातच सापडतात.

दुसऱ्याच्या लॉगिनवर काम करू नका, आपला पासवर्डही कुणाला देऊ नका. नोंद ज्याच्या नावावर, जाब त्यालाच विचारतात. ठेकेदारामार्फत लागलात तर नेमणूकपत्र मागून घ्या. पगारातून पीएफ कापत असतील तर यूएएन नंबर घ्या आणि पैसे खरंच जमा होतात का, ते उमंग ॲपवर स्वतः बघा. विचारायला संकोच कसला, पैसे तुमचेच आहेत.

आणि "घरबसल्या डेटा एंट्री, दिवसाला हजारो" असा मेसेज आला, किंवा विमानतळावर चिकटवतो म्हणून कुणी नोंदणीचे पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका. घरबसल्या कामाच्या जाळ्यात आधी फॉर्म भरून घेतात, मग "चुका जास्त झाल्या, करार मोडलात" म्हणत वकिलाच्या नावाने धमकावतात. कोवळी मुलं घाबरून पैसे भरतात. तसं झालं तर घरी लपवू नका, धमकीचे मेसेज पुसू नका, आणि त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. फोन जितका लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची आशा जास्त.