समाधानाचे मार्क

मी एका कचेरीत एकतीस वर्षे कारकुनी केली. एवढ्या काळात बढती किती वेळा मिळाली हे सांगायला एका हाताची बोटेसुद्धा जास्त होतात. पण 'आपण आपल्या कामावर कितपत समाधानी आहात? दहापैकी मार्क द्या' हा फॉर्म मात्र दरवर्षी न चुकता मिळाला. तोही मार्चअखेरीस! लेजरचा मेळ बसत नसायचा, डोके पिकलेले असायचे, आणि नेमका तेव्हाच शिपाई तो कागद टेबलावर आपटून जायचा.

मी दरवर्षी सात लिहिले. सातच का? दहा लिहावेत तर साहेबांना वाटणार, याला काम कमी पडतंय. तीन लिहावेत तर वाटणार, याला काम नको झालंय. सात हा आकडा लग्नातल्या आहेरासारखा असतो. देणाऱ्याचा जीव जात नाही आणि घेणाऱ्याला बोलायला जागा राहत नाही.

एका वर्षी आमच्या टायपिस्ट बाईंनी फॉर्मवर सरळ 'दोन' लिहिले आणि दोन महिन्यांनी राजीनामा दिला. बारा वर्षे त्याच खुर्चीत, त्याच ग्रेडमध्ये काढल्यावर दुसरे काय होणार? पुढच्या मार्चमध्ये कचेरीच्या समाधानाची सरासरी वाढली. साहेबांनी पेढे वाटले! नापास होणारा मुलगा शाळा सोडून गेला की मास्तरांचा निकाल सुधारतोच, तशातला प्रकार. पेढा मीही खाल्ला. बाईंच्या जागी कोणी आलेच नव्हते, त्यांचे टायपिंग माझ्या गळ्यात पडले होते, आणि तरी मी सातच लिहिले होते.

हा गाढवपणा फक्त आमच्या कचेरीचा, असे मी बरीच वर्षे समजत होतो. पण माझा भाचा संख्याशास्त्र शिकतो. त्याने माझे अज्ञान दूर केले.

"मामा, साहेबाच्या देशात हेच शास्त्रशुद्ध चालतं," तो म्हणाला. "१९९१ साली त्यांनी सुमारे दहा हजार माणसं निवडली आणि दरवर्षी त्याच माणसांना गाठून विचारलं, कामावर किती समाधानी? एक ते सात. जर्मनीत तर हे १९८४ पासून चालू आहे. तिथे शून्य ते दहा."

"त्याच त्या माणसांना?"

"तीच तर खुबी! माणसाची तुलना त्याच्याशीच करता येते."

खुबी खरी. पण माणूस तोच असला तरी फूटपट्टी त्याच्याच हातात असते, आणि ती रबराची असते त्याचे काय? भाच्यानेच पुढे सांगितले, की त्या ब्रिटिश पाहणीत पहिल्या वर्षी एक, चार आणि सात एवढ्याच आकड्यांपुढे शब्द छापले होते. १९९२ साली सगळ्या आकड्यांपुढे छापले. झालं! 'सात' म्हणणारांची संख्या धाडकन घसरली. वर्षभरात इंग्लंडातले मालक बिघडले नव्हते, बरं का. छापखान्यात चार शब्द जास्त जुळवले गेले, एवढेच.

आणखी एक गंमत. मुलाखत घेणारा समोर बसला की समाधान वाढते. पाहुण्यासमोर घरची अब्रू झाकावी तसे. उलट शेजारी नवरा किंवा बायको बसलेली असली की समाधान कमी होते. हे मात्र मला भाच्याने समजावून सांगावे लागले नाही. 'कामात फार मजा येते' असे बायकोच्या देखत कबूल करणारा नवरा संध्याकाळी दळण आणायला जाताना दिसेल.

इथवर हसण्यावारी नेता येते. पुढचे नेता येत नाही. याच पाहणीतल्या आकड्यांवरून अँड्र्यू क्लार्क या अर्थशास्त्रज्ञाने १९९७ साली दाखवले, की ब्रिटनमध्ये बायका पुरुषांपेक्षा कामावर जास्त समाधानी असल्याचे सांगतात. पगार कमी असूनसुद्धा! कारण? त्यांची अपेक्षाच कमी. तरुण आणि उच्चशिक्षित बायकांत हा फरक उरत नव्हता. म्हणजे आयुष्यभर जिला कमी वाढले, ती कमी जेवून ढेकर देते. आणि आपण तो ढेकर मोजून वहीत लिहितो, 'जेवण उत्तम होते'. मग पगारवाढ मागितली की साहेब तीच वही पुढे करतात. माझे भांडण आहे ते इथे.

भाचा चिडला. "मामा, आकडा अगदीच कुचकामी नाही. १९७८ सालीच रिचर्ड फ्रीमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने दाखवलंय, की कमी मार्क देणारे पुढे नोकरी सोडून जाण्याची शक्यता जास्त असते."

अरे, मग मी वेगळे काय म्हणतोय? आमच्या बाईंनी 'दोन' लिहून धोक्याची घंटा वाजवली होती. साहेबांनी ती तीस जणांच्या सातांत मिसळून तिची सरासरी केली! ज्याने दोन लिहिले त्याच्या टेबलापाशी जाऊन 'का हो?' असे विचारावे. आणि ज्याने एकतीस वर्षे सात लिहिले त्याच्याकडे तर धावत जावे. तो समाधानी आहे की त्याला दुसरीकडे कोणी घेत नाही, हे आकडा सांगत नाही. जे सोडून गेले त्यांचीही मोजदाद त्याच कागदावर हवी. एवढे होत नसेल तर पेढे तरी वाटू नयेत.

हे सगळे मी मोठ्या आवेशाने बोललो. भाचा मात्र हाडाचा संख्याशास्त्री. त्याने खिशातून पेन काढले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन विचारले, "मामी, तुझ्या या घरकामावर तू किती समाधानी? दहापैकी सांग."

हिने पोळी उलटली.

"सोडायची सोय आहे का?"

"नाही," भाचा म्हणाला.

"मग मार्क कसले विचारतोस? लिही सात. आणि ताटं घे."