कोसबाडच्या मुलाने परदेशी पदवीचे नाव का घेऊ नये?

बारावीचे निकाल लागण्याच्या सुमारास मुंबई-पुण्यात परदेशी विद्यापीठांचे मेळावे भरू लागतात. यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी अमेरिकेत घ्यावी की जर्मनीत, हा प्रश्न तेथे कापडाच्या दुकानात वाण निवडावे तसा सोडविला जातो. अशा मेळाव्याची अपेक्षा कोसबाडच्या टेकडीखालच्या पाड्यांत कोणी करीत नाही. ती करावी असेही कोणाला वाटत नाही, आणि आमची तक्रार आहे ती नेमकी याविषयी.

तलासरी तालुक्यात १० पैकी ९ माणसे आदिवासी आहेत. या पट्ट्याला यंत्रे अपरिचित नाहीत. शेजारच्या तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. डहाणूचे ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र गेल्या शतकाच्या अखेरीस उभे राहिले. वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ मध्ये झाली. बॉयलर, टर्बाइन, क्रेन सारे येथे येते. त्यांचा आराखडा करणाऱ्यांत वारली किती, असे विचारले की उत्तर मिळते : त्यांना आयटीआयमध्ये फिटर-वेल्डर करा, तेवढे पुरे. फिटरचे काम हलके नव्हे. श्रमाची प्रतिष्ठा आम्ही मानतो. परंतु एका समाजाने पाना धरावा आणि दुसऱ्याने आराखडा काढावा, ही वाटणी जन्मावरून होत असेल तर ती जुनी वर्णव्यवस्थाच होय. हा सल्ला देणाऱ्यांत स्वतःस पुरोगामी म्हणविणारेही असतात, हे अधिक खेदजनक आहे.

दुसरा पक्ष म्हणतो, गुणवत्ता असली की वाट सापडते. ती वाट कशी आहे ते पाहू. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याने मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्रामागे १,५०० युरो लावले आहेत. शुल्क नाही म्हणून हुरळून जावे, तर व्हिसासाठी वर्षाच्या निर्वाहाचे सुमारे १२,००० युरो आधीच बँकेत अडकवून दाखवावे लागतात. पदवीचे वर्ग बहुतांशी जर्मन भाषेत चालतात. नुसत्या बारावीच्या बळावर बहुतेक भारतीय विद्यार्थ्यांना थेट प्रवेश नसतो, आधी पूर्वतयारीचे वर्ष काढावे लागते. अमेरिकेत एमआयटीसारख्या मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता प्रवेश देतात आणि गरजेइतके साहाय्यही करतात. इतरत्र बापाची शिल्लक मुलाच्या गुणांइतकीच बोलते. शिवाय पदवीला मान्यता कोणाची, हेही तपासावे लागते. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. त्या करारातील देशांच्या मान्यताप्राप्त अभियांत्रिकी पदव्या परस्परांत समकक्ष धरल्या जातात. अभ्यासक्रमाला ती मान्यता आहे की नाही, हे गुळगुळीत माहितीपत्रकावरून कळत नाही. सांगणार कोण? सल्लागार सांगेल, पण पुष्कळ सल्लागारांना विद्यापीठांकडूनच दलाली मिळते. गुणवत्तेने गणित सुटते. ही माहिती गुणवत्तेने मिळत नाही, ती ओळखीने आणि पैशाने मिळते.

मग शासन काय करते? अनुसूचित जमातींसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. साऱ्या देशाला मिळून तिच्या वर्षाकाठी २० जागा! त्याही पदव्युत्तर शिक्षणापासून पुढे. पदवीसाठी एकही नाही. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचीही योजना आहे, पण तिच्या जागाही मोजक्याच. ज्या वयात श्रीमंताचा मुलगा देश निवडतो, त्या वयात आश्रमशाळेतल्या मुलाला शासन सांगते की तू आधी पदवीधर होऊन ये.

मूठभर मुले परदेशी गेल्याने आदिवासींची मुक्ती होईल काय, असा आक्षेप येईल. होणार नाही. सर्वांनी परदेशी जावे असेही आम्ही म्हणत नाही. माटुंग्याच्या व्हीजेटीआयत किंवा पुण्याच्या सीओईपीत उत्तम यांत्रिकी शिकता येते. परंतु 'मला परदेशी जायचे नाही' असे म्हणण्याला अर्थ येतो तो जाणे शक्य असेल तेव्हाच. आज हा नकार त्या मुलाच्या वतीने दुसरेच देऊन टाकतात.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत सुरू केलेले काम १९५७ मध्ये कोसबाडला आणले. मूल शाळेत येत नाही म्हणून त्यांनी मुलाला बोल लावला नाही. अंगणवाडी पाड्यावर गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. तोच न्याय उच्च शिक्षणाला लावा. आश्रमशाळांच्या अकरावी-बारावीत गणिताचे व भौतिकशास्त्राचे एकही पद रिकामे ठेवू नका. डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात परदेशी शिक्षणाचा विनादलाली सल्ला उपलब्ध करा. शिष्यवृत्ती पदवीपासून सुरू करा, आणि भाषेच्या वर्षाचा खर्च व बँकेतील हमी शासनाने उचलावी. बंदरासाठी हजारो कोटी काढणाऱ्या शासनाला पैसा नाही असे म्हणता येणार नाही. ही मागणी तालुक्यातील प्रत्येक ग्रामसभेच्या ठरावात आली पाहिजे.