प्रोजेक्ट 'कंप्लीट' म्हणजे नक्की काय?

परवा शनिवारी मावसबहिणीचा फोन आला. "दादा, व्हायवा झाली, ग्रेडही चांगली मिळाली. प्रोजेक्ट कंप्लीट!" ती इंटरॅक्टिव्ह मल्टिमीडिया डिझाइनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतेय. विषय होता राजगड. स्क्रीनवर गडाचा नकाशा. पद्मावती माचीवर बोट टेकवलं की तलाव दिसणार, संजीवनी माचीवर टेकवलं की दुहेरी तटबंदीचा छेद उघडणार आणि दोन भिंतींमधली वाट दिसणार. चित्रं तिची, आवाज तिचा, आणि कोडिंगचा हमाल मी. दोन महिन्यांचे शनिवार-रविवार त्यात गेले :)

अभिनंदन केलं, पण मनात एक खुटखुट राहिलीच. तीच आज लिहून काढतो.

व्हायवाच्या पंधरा दिवस आधी आम्ही दोघं गुंजवण्याला गेलो होतो. चेलाडी फाटा, नसरापूर, मार्गासनी आणि पुढे आत. नसरापूर भोर तालुक्यात, मार्गासनीपासून वेल्हे. (2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्ह्याचं नाव राजगड तालुका करायचं ठरवलं, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) पायथ्याशी ज्या मामांकडे जेवलो त्यांच्या मोबाइलवर प्रोजेक्ट उघडलं. गोल चक्र फिरतंय, फिरतंय... पिठलं-भाकरी संपली तरी फिरतंय. डोंगराच्या कुशीत रेंज कुठली यायला? शेवटी माझ्या लॅपटॉपवर दाखवलं. मामांनी सगळं नीट बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "ताई, ह्यात टाकी दिसतायत, पण प्यायचं पाणी कुठल्या टाक्यात ते कुठंय?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. टाक्यांची चित्रं सुंदर होती, बस्स.

मग या दोन गोष्टींचं, म्हणजे रेंजचं आणि पाण्याचं, पुढे काय झालं? दोन्ही रिपोर्टच्या शेवटच्या प्रकरणात गेल्या. नाव, 'फ्यूचर स्कोप'. ज्यांनी ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय त्यांना हे प्रकरण पाठ असेल. मीही माझ्या बी.ई.च्या रिपोर्टमध्ये दीड पान खरडलं होतं. ते फ्यूचर कधी येत नाही, हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं आणि तपासणाऱ्यालाही.

तर माझं म्हणणं असं, की इंटरॅक्टिव्ह प्रोजेक्ट जमा केल्यावर पूर्ण होत नाही. ज्या जागेबद्दल ते आहे, तिथल्या माणसाला ते आपल्याशिवाय उघडता आणि वापरता आलं की पूर्ण होतं.

दुसरी भीती टिकण्याची. आमच्या घरी काकांनी हौसेने घेतलेली किल्ल्यांची एक जुनी सीडी आहे, फ्लॅशमध्ये केलेली. अडोबीने 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅश प्लेयरचा सपोर्ट बंद केला. आता ती सीडी चहाच्या कपाखाली ठेवायच्या कामाची. मोठ्यांचीही हीच गत झालीय. 1086 सालच्या इंग्लंडच्या 'डूम्सडे बुक'ला 900 वर्षं झाली म्हणून बीबीसीने 1986 मध्ये नवं डूम्सडे लेसर डिस्कवर काढलं. काही वर्षांतच ते वाचणारी यंत्रं मिळेनाशी झाली आणि डिस्कवरची माहिती सोडवून घ्यायला खास प्रयत्न करावे लागले. मूळचं हस्तलिखित मात्र आजही वाचता येतं. इकडे भोर तालुक्यात कांबरेश्वराचं देऊळ भाटघर धरणाच्या पाण्यात असतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बाहेर येतं आणि लोक दर्शन घेतात. आपलं मल्टिमीडिया पाच वर्षं कपाटात ठेवून बघा बरं!

आता कोणी म्हणेल, पोरांनी करायचं तरी काय काय? तारीख ठरलेली असते, फी डोक्यावर असते, नोकरी शोधायची असते. अगदी मान्य. म्हणूनच मी बहिणीला दोष देत नाही. कोर्सचे नियम बदलायला हवेत, असं म्हणतोय. एक, व्हायवाच्या आधी त्या जागेवरच्या चार-पाच जणांनी ते वापरलेलं असावं आणि त्यातून काय बदललं याला मार्क असावेत. दोन, ते इंटरनेटशिवाय चालावं. तीन, मजकूर युनिकोडमध्ये आणि फोटो-आवाज साध्या फाइलींत वेगळे ठेवावेत, म्हणजे उद्या सॉफ्टवेअर मेलं तरी माहिती जगेल. चार, एक प्रत गावच्या शाळेत द्यावी, सोबत छापील पुस्तिकाही. हे सगळं शेवटच्या दीड महिन्यात बसतं. नाही बसलं तर चार ॲनिमेशनं कमी करा.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले, त्यात राजगड आहे. आता त्याच्यावर ॲपं, व्हीडिओ, थ्रीडी मॉडेलं यांचा पूर येईल. यावीतही. पण मामांना पाण्याचं टाकं त्यात सापडणार का?

हे सगळं मी फोनवर बहिणीला ऐकवलं. "दादा, आजच्या दिवशी तरी नको ना रे!" म्हणून तिने फोन ठेवला. चुकलंच माझं, वेळ बघायला हवी होती.

रात्री उशिरा तिचा मेसेज आला. "पुढच्या रविवारी गुंजवण्याला येतोस? मामांना घेऊन वर जाऊ. टाक्यांची यादी करायचीय."

निघतोय. कोणाला यायचं असेल तर कळवा, गाडीत दोन जागा आहेत.