‘आता वय झालं’ हे ठरवणार कोण?

‘आता वय झालं’ हे वाक्य आपल्या घरांत फार लवकर उच्चारले जाते. मुलगी शाळेत असते तोवर खो-खो, कबड्डी खेळते. लग्न झाले की खेळ सुटतो. मूल झाले की चालणेसुद्धा कामापुरते उरते. चाळिशीत गुडघे कुरकुरू लागतात, डॉक्टर व्यायाम सांगतात, आणि घरातलीच माणसे हसून विचारतात, ‘‘या वयात?’’ आमच्या मते हा प्रश्न विचारणेच चूक आहे. तलवारबाजीसारख्या चपळाईच्या खेळातल्या एका बाईने त्याला कधीच उत्तर देऊन ठेवले आहे.

तिचे नाव इलोना एलेक. हंगेरी देशाची, जन्म १९०७ चा, वडील ज्यू. तिचा प्रकार फॉइल, म्हणजे हलक्या, लवचिक तलवारीचा. यात फक्त धडावर टोक टेकवले तरच गुण मिळतो. हात, पाय, डोके मोजले जात नाही. त्या काळी ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांसाठी तलवारबाजीचा हा एकच प्रकार खुला होता. १९३४ आणि १९३५ साली ती जगज्जेती झाली. १९३६ साली हिटलरच्या बर्लिनमध्ये, ज्यूंचा द्वेष हेच ज्या राजवटीचे धोरण होते तिच्या राजधानीत, तिने ऑलिम्पिकचे सुवर्णपदक जिंकले.

पुढे महायुद्ध पेटले. १९४० आणि १९४४ ही दोन्ही ऑलिम्पिके झालीच नाहीत. हंगेरीत ज्यूंविरुद्ध कायदे झाले आणि १९४४ मध्ये चार लाखांहून अधिक ज्यूंना रेल्वेगाड्यांत कोंबून छळछावण्यांकडे पाठवण्यात आले. खेळाडूच्या उमेदीची वर्षे अशी गेली. १९४८ साली लंडनला ऑलिम्पिक भरले तेव्हा इलोना ४१ वर्षांची होती. ती उतरली आणि पुन्हा सुवर्ण जिंकली. १९५१ मध्ये, ४४ व्या वर्षी, पुन्हा जगज्जेती झाली. १९५२ मध्ये हेलसिंकीला, वयाच्या ४५ व्या वर्षी, सुवर्णासाठीच्या जादा लढतीत इटलीच्या इरेने कॅम्बरकडून हरली आणि रौप्यपदक घेऊन परतली.

ही एकटीच अपवाद म्हणावी, तर तिच्याच देशाच्या अलादार गेरेविचने पहिले ऑलिम्पिक सुवर्ण १९३२ मध्ये आणि शेवटचे १९६० मध्ये, ५० व्या वर्षी, संघाबरोबर जिंकले. इटलीच्या व्हॅलेंटिना वेझ्झालीने जून २००५ मध्ये मुलाला जन्म दिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक विजेतेपद पटकावले.

हे घडते कसे? वय वाढले की शरीर बदलते, हे खोटे नाही. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात. दुखापत भरून यायला जास्त दिवस लागतात. पाळी थांबल्यावर स्त्रियांची हाडे वेगाने ठिसूळ होऊ लागतात. पण तलवारबाजी केवळ वेगावर चालत नाही. समोरच्यापासून किती अंतर ठेवायचे, त्याचा पुढचा डाव कसा ओळखायचा, नेमक्या कोणत्या क्षणी पुढे झेपावायचे, हे सगळे वर्षांच्या सरावाने येते. विशीतला खेळाडू दहा पावले नाचतो तिथे जाणता खेळाडू दोन पावलांत काम करतो. मोठ्या वयात परतणाऱ्याचे शहाणपण हेच आहे. तो जुने शरीर परत मागत नाही. आज आहे त्या शरीराला ओळखून कामाला लावतो.

आपल्याला पदक जिंकायचे नाही. पण साठीतही जिना चढता यावा, न्हाणीघरात पाय घसरला तर तोल सावरता यावा, नातवंडाला उचलून घेता यावे, एवढे तर हवेच ना?

इथे माता-भगिनी विचारतील, ‘‘दिवसभर राबतोच की, वेगळा व्यायाम कशाला?’’ प्रश्न रास्त आहे. कष्ट म्हणजे हालचालच. पण धुणीभांडी करताना, हंडे उचलताना तीच कंबर आणि तेच गुडघे रोज वाकतात, आणि त्यांना विसावा मिळत नाही. व्यायामात आपण सगळ्या अंगाला आलटून पालटून काम देतो, पाठ सरळ ठेवतो, दुखले की थांबतो. कामावर थांबायची मुभा कोण देतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे दम लागेल पण बोलता येईल अशी हालचाल करावी, आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. पासष्टी ओलांडलेल्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सरावही करावा. याला पैसे लागत नाहीत. भरभर चालणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे, एवढ्याने सुरुवात होते.

मात्र खूप वर्षांनी सुरू करताना पहिल्याच दिवशी शाळेतल्यासारखे धावू नका. पहिले काही आठवडे थोडेच करा, आधी अंग गरम करा, मधे विश्रांतीचा दिवस ठेवा. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करा. बाळंतपणानंतर, विशेषतः सिझेरियन झाले असेल तर, डॉक्टरांनी होकार दिल्यावरच. वेझ्झालीसारख्या खेळाडूशी आपली तुलना करू नका. तिचा तर तो व्यवसायच होता. छातीत दुखले, चक्कर आली, दम आवरेना झाला, तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा.

शेवटी घरातल्या बाकीच्यांना सांगणे आहे. बाईला व्यायामासाठी उपदेश नको, वेळ हवा. रोजचा अर्धा तास कुठून येणार? नवऱ्याने भाजी चिरली, मुलाने पाणी भरले, सासूने नातवाला धरले, तर तो येईल. इलोना एलेकला ४१ व्या वर्षी कुणी ‘आता पुरे’ म्हटले असते आणि तिने ते ऐकले असते, तर जग एका सुवर्णपदकाला मुकले असते. आपल्या घरात आपण कुणाला रोज ‘आता पुरे’ म्हणतो आहोत, याचा विचार आज जेवायला बसाल तेव्हा जरूर करा. आणि उद्या सकाळी आईच्या, बायकोच्या, वहिनीच्या बरोबर चालायला निघा.