गाण्याला गुण, भाषेलाही गुण

मंडळी, आपल्या दिवाळीच्या आगेमागेच स्कॉटलंडमध्ये मॉड भरतो. मॉड म्हणजे गॅलिक भाषेचा गाण्याबजावण्याचा, पाठांतराचा मोठा उत्सव. (इथे ‘गेलिक’ म्हणू नका, तो उच्चार आयर्लंडकडचा!) पहिला मॉड १८९२ साली ओबन गावी भरला. हल्ली तो दर ऑक्टोबरात गाव बदलत भरतो आणि त्यातलं मोठं आकर्षण म्हणजे गावोगावच्या गायकवृंदांची चुरस.

या वृंदांत गाणाऱ्या कितीतरी जणांची गॅलिक ही घरची भाषा नाही. २०२२च्या जनगणनेत सुमारे ५४ लाखांच्या स्कॉटलंडमध्ये गॅलिक बोलता येणारे भरले जेमतेम ७० हजार. १८७२च्या शिक्षण कायद्यात या भाषेचा उल्लेखही नव्हता आणि शाळेत ती बोलल्याबद्दल मुलांनी छड्या खाल्ल्या. आजीची भाषा नातवंडांपर्यंत आलीच नाही. मग शाळामास्तर, नर्स, निवृत्त कारकून आठवड्यातून एक संध्याकाळ जमतात आणि ऐकून ऐकून शब्द घोटतात. लिहिलेलं वाचावं तर ‘एमएच’ आणि ‘बीएच’ या दोन्ही जोड्यांचा उच्चार बहुधा ‘व’! म्हणून ओळीखाली इंग्रजी वळणाने उच्चार लिहून घेतात. रोमन लिपीतल्या आरत्या हातात धरून उभी राहणारी आपली मुलं आठवली ना?

गाण्यांतही ओळखीचं बरंच सापडतं. हातमागावरचं नवं लोकरी कापड घट्ट व्हावं म्हणून बायका ते भिजवून, फळीभोवती बसून तालात आपटत. एक जण कडवं म्हणायची, बाकीच्या ध्रुवपद उचलायच्या. कापड गिरणीत गेलं, गाणी मागे राहिली. आपल्याकडे पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओव्या वहीत उरल्या, तसंच हे.

पण मला सर्वांत आवडतो तो मॉडचा एक नियम. वृंदाच्या स्पर्धेत संगीताचे गुण वेगळे आणि गॅलिकचे वेगळे, परीक्षकही वेगळे. सूर कितीही गोड लागले तरी उच्चार कच्चे असतील तर ढाल हातची जाते. नुसत्या गाण्याने भाषा जगत नाही, हे त्या मंडळींना पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर १९८५पासून गॅलिक माध्यमाचे प्राथमिक वर्गही सुरू झाले.

आपल्या गणेशोत्सवात मुलं सुरेख गातात, टाळ्या घेतात. मग खाली उतरून इंग्रजीत विचारतात, याचा अर्थ काय? आणि आपणही इंग्रजीतच सांगून मोकळे होतो.

तर पुढच्या वर्षासाठी एक सुचवतो. गाणं झालं की त्याच मुलाने माईकवर दोन वाक्यांत, मराठीत सांगायचं की गाणं कशाबद्दल आहे. ‘तो नदी’ म्हणाला तरी चालेल. आणि हा अंक भारतात वाचणाऱ्या आजी-आजोबांना विनंती: फोनवर नातवंडाचं मराठी अडखळलं तर हसू नका, आणि त्याची सोय म्हणून स्वतः इंग्रजीकडे वळू नका. थोडं थांबा. शब्द सापडायला त्याला वेळ लागतो, एवढंच.